कोंबडीचे पाय बघून घेतलेला निर्णय

माझ्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून थंडीत आमच्याकडे आठवड्यातून एकदा कोंबडीच्या पायांचं सूप होतं. पाय दुकानदार जवळपास फुकटच देतो. उकळत्या पाण्यात बुडवायचे, वरची पिवळी साल सोलायची, नखं उडवायची आणि तळव्याच्या मधोमध काळी, कडक खपली असते ती सुरीच्या टोकानं खरवडून काढायची. किती वर्षं मी हे करत आले. ती खपली मला मळ वाटायची.

मी धायरीला राहते आणि घरून डबे देते. रोज शाकाहारी, रविवारी चिकन. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी आणि आमची धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात त्या आजाराचे पेशंट निघाले, तेव्हा दोन रविवार माझे निम्मे डबे रद्द झाले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला होता, संशय पाण्यावर होता, पण हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात असतो एवढं कळल्यावर लोकांनी चिकनच सोडलं. आमच्या खालच्या मजल्यावर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त झालेले डॉक्टर राहतात. त्यांना विचारायला म्हणून वर बोलावलं, तर मी नेमकी पाय साफ करत बसले होते. त्यांनी एक पाय उचलला, तळवा उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "वहिनी, हा मळ नाही. जखम आहे ही."

मग त्यांनी समजावलं. कोंबड्यांच्या शेडमध्ये खाली भाताचं तूस अंथरलेलं असतं. हजारो पक्ष्यांच्या विष्ठेनं ते ओलं होतं, त्यातून अमोनिया सुटतो आणि त्याच तुसावर रात्रंदिवस उभं राहून, बसून तळवे भाजल्यासारखे होतात. पक्षी जितका जड, तितकी जखम खोल. ब्रॉयलर पस्तीस ते बेचाळीस दिवसांत दोन किलोच्या पुढे जातो. गावरान कोंबडीला दीड किलोला यायला चार-पाच महिने लागतात. आपल्याकडे सर्रास बोलतात तसं इंजेक्शन वगैरे काही नसतं, हेही त्यांनीच सांगितलं. हार्मोन देतच नाहीत, द्यायची गरजच नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जातच अशी तयार केली आहे की खाल्लेलं सगळं छातीवर चढतं. हाडं आणि हृदय मागे पडतात. शेवटच्या आठवड्यात बरेच पक्षी नुसते बसून असतात, कारण उभं राहायला त्रास होतो.

त्या दिवशी मी सूप केलं. सासूबाईंना दिलं. मला घोट गेला नाही.

म्हणून हे लिहिते आहे. गेलं वर्षभर मी पानशेत रस्त्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका छोट्या फार्मवरून घरची कोंबडी आणि अंडी घेते. नवरा-बायको दोघंच चालवतात. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच सांगितलं, "ताई, नाव टाकू नका, आहे त्यांनाच पुरवता पुरवता आमचा जीव जातो." पण ज्यांच्या मनात असंच काही घोळत असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर सांगते. त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी दोनदा फसले, तेही सांगते.

पहिल्यांदा मोबाईलवरून मागवलं. पाकिटावर हिरवी टेकडी, तिच्यावर कोंबडी, खाली 'फ्री रेंज', 'हार्मोनमुक्त', 'अँटिबायोटिकमुक्त'. हार्मोनमुक्तचा अर्थ आता कळला होता, सगळंच चिकन हार्मोनमुक्त असतं. पाकिटावरच्या नंबरला फोन करून विचारलं की फार्म कुठे आहे, येऊन बघता येईल का. बाई गोड बोलल्या, पण गावाचं नाव काही सांगितलं नाही. "आमचे बरेच फार्म आहेत मॅडम." बरं, दिवसातून किती वेळ पक्षी बाहेर सोडता? त्याला उत्तर नाही. मांसाला हात लावला तेव्हाच कळलं, तेच मऊ, तेच पांढऱ्या रेघांचं ब्रेस्ट. त्या रेघा म्हणजे स्नायूत भरलेली चरबी. वाढ फार झपाट्यानं झाली की ती तशी भरते. दुप्पट पैसे गेले.

दुसऱ्यांदा आमच्याच भागातल्या एका दुकानात 'गावरान मिळेल' अशी पाटी बघून गेले. तांबूस पिसांच्या कोंबड्या, दिसायला छान. दुकानदारानं एक काढून पाय धरून उलटी लटकवली आणि तिची चोच माझ्या डोळ्यांसमोर आली. वरचं टोक छाटलेलं, बोथट, खालची चोच वरच्यापेक्षा पुढे. पिंजऱ्यात दाटीवाटीनं ठेवलेल्या अंड्यांच्या कोंबड्या एकमेकींना टोचतात, म्हणून त्यांच्या चोची लहानपणीच तापलेल्या पात्यावर छाटतात. उकिरडा उकरणाऱ्या कोंबडीची चोच कशाला कोण कापेल? ती अंडी द्यायची थांबलेली लेअर होती. दीड वर्ष पिंजऱ्यात काढून शेवटी गावरान म्हणून तिप्पट भावानं माझ्या पिशवीत यायला निघाली होती. मी म्हटलं, नको. तो म्हणाला, "काकू, चव गावरानचीच लागंल बघा." चवीचा प्रश्नच नव्हता.

पिंजऱ्याचंही इथेच सांगते, कारण मांसापेक्षा अंड्यांचं जास्त वाईट वाटलं. आपल्याकडे एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० ते ५५० चौरस सेंटिमीटर जागा येते. झेरॉक्सचा ए-फोर कागद साधारण ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. मी खरंच कागद ओट्यावर ठेवून, त्याची एक पट्टी दुमडून बघितलं. त्यावर माझं पोळपाटसुद्धा मावत नाही. प्राण्यांना हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही, आणि विधी आयोगानं जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्याच या प्रश्नावर शिफारशी केल्या. युरोपीय संघानं असे उघडे-बोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे अंडं अजून बहुतेक अशाच पिंजऱ्यांतून येतं.

आणि तरी मी त्या अंड्याला सरसकट शिव्या घालणार नाही. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती १९८२ साली झाली, तिचं मुख्य कार्यालय आपल्या पुण्यातच आहे, आणि 'संडे हो या मंडे' माझ्या पिढीला पाठ आहे. सात रुपयांत पोराच्या पोटात अंडं जातं ही लहान गोष्ट नाही. माझ्या डब्याची निम्मी पोरं त्या अंड्यावर जगतात. मात्र मला परवडत असताना मीही त्याच पिंजऱ्यातून घ्यावं का, एवढाच माझा प्रश्न होता.

आता फार्मचं. डॉक्टरांच्याच ओळखीतून नंबर मिळाला. पहिल्याच फोनवर त्या बाई म्हणाल्या, "आधी या, बघा, मग घ्या." हे एक वाक्य माझ्यासाठी पुरेसं होतं, पण गेले. सकाळी साडेसहाला.

आंबा आणि जांभळाची आठ-दहा झाडं, भोवती जाळी, मध्ये बांबू आणि पत्र्याची शेड. एका खेपेला दीडशे पक्षी. शेडमध्ये आडवे बांबू लावलेत, रात्री कोंबड्या त्यावर ओळीनं बसतात. दार उघडल्यावर सगळ्या बाहेर पडल्या आणि मी तासभर नुसती उभी राहिले. एक तलंग झाडाच्या बुंध्याशी गेली, पायानं माती उकरून परातीएवढा खड्डा केला, त्यात बसली आणि एका कुशीवर पडून पंखानं माती अंगावर ओढायला लागली. मग दुसऱ्या कुशीवर. डोळे मिटलेले. मान मातीत घासत होती. पाच मिनिटांनी उठली, अंग असं झाडलं की धुळीचा ढग उठला, आणि चालू पडली. माझं माहेर भोर तालुक्यातलं. आजीच्या खुराड्यातल्या कोंबड्या राखेत अशाच लोळायच्या. आम्ही पोरं पाय बांधून त्यांना उलटं न्यायला लागलो की आजी ओरडायची, "काखेत धर तिला, ती काय भोपळा आहे?" चाळीस वर्षांनी ते वाक्य कानात आलं. पिंजऱ्यातल्या कोंबडीला एकदाही मातीत लोळता येत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठं वंचन हेच.

त्या बाईंनी लपवलं काहीच नाही. ही शुद्ध गावरान नाही, क्रॉस आहे, पिल्लं हॅचरीतून येतात, हे मी विचारायच्या आधीच सांगितलं. पहिला महिना तयार खाद्य, मग मक्याचा भरडा, तांदळाची कणी, अझोला नावाची पाण्यावर वाढणारी वनस्पती, शेवग्याचा पाला, आणि बाहेर काय सापडेल ते किडे-गवत. मानमोडी या कोंबड्यांच्या रोगाची लस डोळ्यात थेंब टाकून देतात. आजारी पडली तर औषध देतात आणि ती कोंबडी वेगळी ठेवून तेवढे दिवस विकत नाहीत. औषध कधीच देत नाही असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मला उलट शंका येते. आजारी जनावराला औषध न देणं यात कसली आलीय दया? निरोगी पक्ष्यांना वाढीसाठी रोज अँटिबायोटिक चारणं ही वेगळी गोष्ट. त्यातलंच कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतलं औषध सरकारनं २०१९ मध्ये खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांसाठी बंद केलं.

मी त्यांना म्हटलं, मारताना बघायचं आहे. ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग हो म्हणाले.

पुढच्या शनिवारी पहाटे, अंधारात गेले. अंधारात कोंबडी शांत असते, म्हणून ते उजाडायच्या आधीच करतात. दादांनी बांबूवरून एक उचलली, दोन्ही हातांनी, पंख मिटून, छातीशी धरून. शेडमागे आडोशाला पत्र्याचं नरसाळं भिंतीला ठोकलेलं आहे, त्यात तिला डोकं खाली करून ठेवलं, म्हणजे पंख फडफडून मोडत नाहीत. एकच घाव. मी मान फिरवली नाही. बाकीच्या कोंबड्यांना ते दिसत नाही. दुकानात पिंजऱ्यातल्या कोंबड्यांसमोरच सगळं चालतं, एकीमागून एक, आणि मी अकरा वर्षं तिथे उभी राहून मोबाईल बघत होते. मारणं ते मारणंच, त्याला मी गोड नाव देणार नाही. पण त्या पक्ष्याला एकशेवीस दिवस मिळाले, आणि भीती वाटली असेल तर फार थोडा वेळ.

आता खाण्याचं, कारण शेवटी ही जिन्नस आहे आणि पैसे मोजून घ्यायची आहे.

साफ केलेली कोंबडी साधारण अकराशे ग्रॅम भरते, भाव किलोला ६२० रुपये. दुकानात ब्रॉयलर मला २४० ला पडतं. मांस लालसर, चरबी पिवळीधमक, हाड टणक. ब्रॉयलरच्या सवयीनं दोन शिट्ट्या करून उतरवली तर चामड्यासारखं लागेल. पहिल्यांदा माझं तसंच झालं आणि घरच्यांनी रस्सा पिऊन मांस ताटात ठेवलं. आता हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवते, मग पाणी घालून मंद आचेवर पाच-सहा शिट्ट्या. ते अळणी पाणी आधी वाटीत काढून घ्यायचं. त्यावर तरंगणारा पिवळा तवंग आणि जिरेपूड. सासूबाई म्हणतात, याला वास आहे. म्हणजे त्यांच्या लहानपणीचा. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, ज्वारीची भाकरी. ब्रॉयलरमध्ये मसाल्याची चव मांसाला द्यावी लागते, इथे मांसाची चव मसाल्यात उतरते. बटर चिकन, तंदुरी असले प्रकार याचे करू नका, निराशा होईल.

अंडं १६ रुपये. बलक गडद, पण बलकाच्या रंगावर जाऊ नका, तो खाद्यावर असतो. मका आणि पाला खाल्ला की पिंजऱ्यातल्या कोंबडीचाही बलक पिवळा होतो. तपकिरी कवचाचंही तेच, ते जातीवर असतं. लोक तपकिरी अंडं गावठी समजून दीडपट पैसे देतात.

दोष आहेत. पिसांची खुंटं राहतात, विशेषतः पंखांच्या टोकाला, चिमट्यानं काढत बसावं लागतं. वजन कधीच सांगितल्याइतकं नसतं, कधी नऊशे, कधी साडेबाराशे. मे महिन्यात एकदा डब्यातला बर्फ संपून कोंबडी कोमट पोचली. मी परत केली, त्यांनी पैसे न बोलता परत दिले, आणि तेव्हापासून थर्माकोलचा खोका येतो. पावसाळ्यात दोन महिने पुरवठा जवळजवळ बंद, जमीन ओली झाली की रोग येतात आणि मरतुक वाढते. आखाडात, सगळं पुणं चिकन-मटणाच्या रांगेत उभं असतं तेव्हा, यांच्याकडे काही नसतं. मुंगूस आणि रानमांजर आपला हिस्सा नेतात. आणि स्वच्छतेबाबत कुणी गैरसमज करून घेऊ नये. डॉक्टरांनी बजावलं आहे की तो जिवाणू मोकळ्या कोंबडीच्या पोटातही असतो. नळाखाली धुवून सगळीकडे शिंतोडे उडवायचे नाहीत, सुरी-पाट वेगळे आणि आतपर्यंत शिजवायचं. जीबीएसच्या भीतीनं कुणी इकडे वळणार असेल तर ते कारण चुकीचं आहे.

हिशेब. पूर्वी महिन्याचे चारही रविवार दीड किलो चिकन, १,४४० रुपये. वर साठ अंडी, ४२०. एकूण १,८६०. आता महिन्यात दोनच रविवार कोंबडी, १,३६४, आणि चाळीस अंडी, ६४०. एकूण २,००४. कोंबडी आणि अंड्यांवर एकशे चव्वेचाळीस रुपये जास्त. राहिलेल्या दोन रविवारी एकदा मासे, एकदा मटकी किंवा पावटा. मुलानं सुरुवातीला तोंड वाकडं केलं. यजमानांनी काही म्हटलं नाही, पण एका रविवारी स्वतःहून पावट्याची पिशवी घेऊन आले.

मटणाचं मला कोणी ना कोणी विचारतंच. बोकड, मेंढी आपल्याकडे बहुतेक चरूनच वाढतात. दिवाळीनंतर आमच्या रस्त्यानंही धनगरांचे कळप जातात. त्यांचं आयुष्य उघड्यावर जातं, हाल होतात ते शेवटच्या टेम्पोच्या प्रवासात. म्हणून माझी पहिली काळजी कोंबडीची. आणि मटणाचा भाव असा आहे की ते आपोआपच कमी होतं.

डब्यांचं मात्र मला अजून सुटलेलं नाही. रविवारी बेचाळीस डबे, प्रत्येकी दीडशे ग्रॅम चिकन. ब्रॉयलरचा खर्च एका डब्यामागे ३६ रुपये, या कोंबडीचा ९३. म्हणजे १७० चा डबा २३० करावा लागतो. मी सगळ्यांना स्पष्ट विचारलं, पाय आणि तळव्याचं सगळं सांगून. सतरा जणांनी महिन्यातून एकदा २३० द्यायची तयारी दाखवली. बाकीच्यांत निम्मी कॉलेजची पोरं आहेत. एकानं खाली बघत सांगितलं, "काकू, आठवड्यातून तेवढंच एक नॉनव्हेज खातो मी." त्याच्या ताटातून ते काढून घ्यायचा मला काय अधिकार? म्हणून महिन्याचा पहिला रविवार सतरा जणांना या फार्मची कोंबडी, एक रविवार सगळ्यांना चिकनऐवजी अंडाकरी, आणि उरलेल्या दिवशी अजूनही ब्रॉयलर कापते. ज्या दुकानातून घेते त्याला तूस कोरडं ठेवणाऱ्या शेडचा माल आणायला सांगितलं आहे. तो म्हणाला, बघतो. दर वेळी मी पाय मागून घेते आणि तळवे बघते. काही खेपांना खपली लहान असते, काही खेपांना नाही, आणि मोठी असली तर त्याला ती दाखवते.

तुम्हाला असा फार्म शोधायचा असेल तर सिंहगडाच्या मागच्या बाजूला, मुळशीकडे, भोरकडे छोटे लोक बरेच आहेत. येऊ देत नाहीत त्यांच्याकडून घेऊ नका. गेलात तर चोच बघा, बसायला बांबू आहेत का बघा, मातीत लोळल्याचे खड्डे आहेत का बघा. शेडमध्ये शिरल्यावर डोळे झोंबले तर परत फिरा. आणि पाय आठवणीनं मागून घ्या, नाही तर ते कुत्र्याला घालतात. आमच्याकडे आता सूप त्या फार्मवरच्या पायांचंच होतं. पहिल्यांदा आणले तेव्हा मी खालच्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन गेले होते. नखं झिजलेली, कातडी जाड, बोटांच्या बेचक्यात वाळलेली लाल माती, आणि तळवा पूर्ण स्वच्छ. सुरीनं खरवडायला काहीच नव्हतं.